गुहागरचं जुनं लाकडी घर पाडण्याआधी: पाहणीपासून शाकारणीपर्यंत

गुहागरात एक लांबलचक रस्ता आहे. मध्ये व्याडेश्वराचं देऊळ, एका अंगाला वरचा पाट, दुसऱ्या अंगाला खालचा पाट आणि दोन्ही हातांना घरं. पश्चिमेकडच्या घरांच्या मागे नारळ-पोफळीची वाडी, वाडीपलीकडे सुरूचं बन आणि मग समुद्र. या रस्त्यावर उभं राहिलं की उतरत्या कौलांची रांग दिसते, वळचणीची सरळ रेघ दिसते आणि त्या सावलीतल्या लाकडी गजांच्या पडव्या दिसतात. गावाचा चेहरा म्हणतात तो हाच. मुरुड, आंजर्ले, हर्णै, वेळणेश्वर, कुठेही जा, किनाऱ्यावरच्या गावांची ओळख या रेघेवरूनच पटते. एक घर पाडून तिथे स्लॅबची पेटी उभी राहिली की रेघ तुटते आणि पुन्हा जुळत नाही.

ज्यांचं असं घर गावाकडे बंद आहे, आणि "आता काही राहिलं नाही त्यात, पाडून टाकू" असं ज्यांच्या घरात बोललं जातं, त्यांच्यासाठी हे लिहितोय. गेली काही वर्षं मी आमचं घर आणि आळीतली आणखी काही घरं दुरुस्त होताना जवळून पाहिली, बरीचशी कामं सुतारांच्या हाताखाली स्वतः केली. त्यातून एक गोष्ट पक्की कळली. लाकूड भिजल्याने कुजत नाही, भिजलेलं वाळायला वाव न मिळाल्याने कुजतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच एका गोष्टीभोवती आहेत.

आधी घर कशावर उभं आहे ते ओळखा

बाहेरच्या भिंती जांभ्याच्या चिऱ्यांच्या असतात म्हणून आपण घर दगडी समजतो. आत शिरा आणि वर बघा. दगडी तळखड्यांवर खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट म्हणजे माळ्याची जमीन, त्याच्यावर आढं म्हणजे छपराच्या माथ्याची आडवी तुळई, आढ्यापासून भिंतीपर्यंत वासे, वाशांवर रिपा, रिपांवर कौलं. छपराचा मोठा भार या लाकडी सांगाड्यातून खाली उतरतो. खांबाच्या डोक्याला कूस म्हणजे पुढे काढलेलं टोक असतं, ते तुळईच्या खाचेत बसतं आणि आरपार लाकडी खुंटी ठोकलेली असते.

म्हणजे हे घर सुट्या भागांचं आहे. एक वासा कुजला तर एक वासा बदलता येतो. एका खांबाचा पाय गेला तर तेवढाच पाय कापून नवा जोडता येतो. स्लॅबमधली सळई गंजून फुगली की स्लॅब सोलून निघतो, आणि समुद्रापासून हाकेच्या अंतरावर सळई लवकरच गंजते. "लाकडाचं घर टिकत नाही" म्हणणाऱ्याला हे जरूर दाखवा.

लाकूड कोणतं हेही बघून ठेवा. तुळया आणि खांब बहुधा सागाचे, ऐनाचे, किंजळीचे किंवा फणसाचे. दारं-चौकटी सागाच्या किंवा फणसाच्या. मागच्या पडवीला आणि गोठ्याला माडाचे वासे, पोफळीच्या रिपा. फणस जुना झाला की तांबूस-तपकिरी होतो. ऐन काळपट आणि वजनाला जड. ओळखू येत नसेल तर गावातल्या जुन्या सुताराला न्या. तो नखाने खरवडून, वास घेऊन सांगतो.

काम काढण्याआधी जमलं तर चांगली जपलेली ठिकाणं पाहून या. रत्नागिरीचं टिळक जन्मस्थान, मालगुंडचं केशवसुतांचं घर. दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या दुर्गादेवीच्या देवळातले कोरीव लाकडी खांब तर हात लावून पाहण्यासारखे आहेत. खांब तळखड्यावर कसा बसतो, वळचण भिंतीच्या किती बाहेर येते, ओटीची उंची किती, एवढं वहीत टिपून घ्या.

पहिली पाहणी भर पावसात

बहुतेक लोक मे महिन्यात गावी येतात, घर कोरडं ठणठणीत दिसतं, आणि दुरुस्ती अंदाजाने होते. घर बघायचं तर जुलैत बघा. कोकणात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. चांगली झड लागलेल्या दिवशी विजेरी आणि खडू घेऊन माळ्यावर चढा. दिवे बंद ठेवा. कौलांमधून उजेड कुठे येतो ते आधी बघा, मग पाणी कुठे येतं ते. दोन्ही जागा एकच असतील असं नाही. पाणी वाशाच्या पोटाने वाहत जाऊन चार हात खाली ठिबकतं. म्हणून ठिबक दिसली की वाशावरून वर वर माग काढत जा आणि जिथून शिरतंय तिथे खडूने फुली मारा.

खाली आल्यावर बाहेरून एक फेरी मारा. पागोळ्या कुठे पडतात? भिंतीपासून दूर पडून पाणी उताराने निघून जातंय, की उडून ओटीच्या पायाशी साचतंय? शेजारच्याने नव्याने अंगण उंच केलं असेल तर त्याचं पाणी आपल्या जोत्याकडे येतं, हे फार घरांत झालंय. न्हाणीघराचं सांडपाणी, विहिरीच्या पंपाची गळती, भिंतीला टेकवलेली लाकडं, सगळं टिपा.

कागदपत्रं आणि नकाशा

यावर फार लिहीत नाही, पण टाळू नका. घर सामायिक असेल तर सगळ्या हिस्सेदारांची लेखी संमती आधी घ्या, कारण अर्धं छप्पर उघडं असताना निघालेला वाद एका पावसात घर खातो. घरपट्टीचा उतारा किंवा मालमत्ता पत्रक जवळ ठेवा. घर किनारी नियमन क्षेत्रात, म्हणजे समुद्रालगतच्या बांधकामाला बंधनं असलेल्या पट्ट्यात, येतं का हे नगरपंचायतीत किंवा ग्रामपंचायतीत विचारून घ्या. पाडलं तर त्याच जागी तेवढंच पुन्हा बांधता येईल असं धरून चालू नका.

मग चौकोन आखलेल्या कागदावर घराचा नकाशा काढा. प्रत्येक खांबाला आकडा, प्रत्येक तुळईला अक्षर, वाशांना पाख्याप्रमाणे, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजूप्रमाणे, क्रमांक. तेच आकडे लाकडावर खडूने लिहा आणि फोटो काढा. जुन्या सांध्यांवर कधी कधी सुताराने कोरलेल्या खुणा सापडतात. त्या घासून टाकू नका.

टोचून, ठोकून तपासणी

हे काम पाऊस संपल्यावर, दिवाळीच्या सुमारास. हत्यारं साधी: लाकडी मोगरी, एक टोकदार टोचा, तारेचा ब्रश, विजेरी. ओलावा मोजणारं छोटं यंत्र मिळालं तर उत्तम.

मोगरीने ठोकत जा. धड लाकूड खणखणीत वाजतं, आतून गेलेलं बद्द वाजतं. बद्द वाजलं तिथे टोचा. धड लाकडात टोचा दोन-तीन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) अडतो, कुजलेल्यात लोण्यासारखा जातो. नेमकं कुठे ठोकायचं? खांबाच्या पायाची पहिली वीतभर जागा. तुळयांची आणि वाशांची भिंतीत शिरलेली टोकं. दोन पाखी जिथे मिळतात त्या पन्हळीखालची लाकडं. वळचणीची टोकं. न्हाणीघराला लागून असलेल्या चौकटी. दहापैकी आठ वेळा दुखणं इथेच सापडतं, आणि तुळईचा मधला भाग शंभर वर्षांनंतरही धडधाकट असतो.

कुजणं वेगळं, कीड वेगळी, तेव्हा दोन्हींत गल्लत करू नका. कुजलेलं लाकूड तपकिरी होऊन चौकोनी तुकड्यांत फुटतं, किंवा पांढरट होऊन दोऱ्यांसारखं सुटतं. हे बुरशीचं काम, आणि बुरशीला ओल लागते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या खाली ठेवला तर ती वाढत नाही, मग औषध मारा की मारू नका. वाळवी असेल तर भिंतीवर मातीच्या नळ्या दिसतात. भुंगा असेल तर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं आणि खाली पिठासारखा भुसा.

भोकं दिसली म्हणून घाबरू नका. ती पन्नास वर्षांपूर्वीची असू शकतात. खालची जागा झाडून काळा कागद पसरा आणि पंधरा दिवसांनी बघा. कागदावर ताजं पीठ पडलं असेल तरच कीड जिवंत आहे. या एका कागदाने आमच्या आळीतल्या एका घराच्या चार तुळया वाचल्या. त्या बदलायचं ठरलं होतं, लाकडाचा भावही काढून झाला होता.

छप्पर: पैसा कमी असेल तर सगळा इथे लावा

ओटीला तेल-पाणी, दाराला पॉलिश, हे सगळं नंतर. छप्पर गळतं तोवर खालचं कोणतंही काम वाया.

मंगलोरी कौलं बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कारखाना काढल्यापासूनची. त्याआधी आपल्याकडे गवत, झावळ्या आणि कुंभाराची नळीची कौलं. कौल उतरवलं की उलटं करून बघा, पोटावर कारखान्याचं आणि गावाचं नाव उठावाच्या अक्षरांत असतं. हे नुसतं कौतुक नाही, त्यात कामाची गोष्ट आहे. वेगवेगळ्या कारखान्यांच्या साच्यात थोडा फरक असतो आणि एकाची खाच दुसऱ्यात नीट बसत नाही. सरमिसळ केली की तिथेच गळतं. म्हणून कौलं नावानुसार वेगळी रचा. एका नावाची सगळी जुनी कौलं रस्त्याकडच्या पाख्यावर लावा, नवी आणावी लागली तर ती सगळी मागच्या पाख्यावर. घराचा चेहराही राहतो आणि गळतही नाही.

प्रत्येक कौल बोटाच्या पेराने वाजवून बघा. बद्द वाजलं तर त्यात चीर आहे, बाजूला काढा. शेवाळ साध्या पाण्याने आणि काथ्याने घासा. तारेचा ब्रश लावला तर वरची भाजलेली पातळ साय निघते आणि कौल पाणी पिऊ लागतं. साधारण १०० चौरस फुटांना १४० ते १५० कौलं लागतात, त्या हिशेबाने थोडी जास्तीची मागवा.

रिपांमधलं अंतर टेपने ठरवू नका, कौलाने ठरवा. ज्या ढिगातली कौलं त्या पाख्यावर चढणार आहेत त्यातलीच दोन घ्या, एकमेकांत पूर्ण बसवा आणि खालच्या नाकांमधलं, म्हणजे रिपेला अडकणाऱ्या उंचवट्यांमधलं, अंतर मोजा. तेच तुमचं अंतर. उतार मात्र जसा आहे तसा ठेवा. लाकूड वाचवायला उतार कमी केला की झडीचं पाणी कौलांच्या सांध्यातून उलटं चढतं.

आता वाऱ्याची गोष्ट. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्याला लागलं आणि दापोली-मंडणगडपर्यंत कौलं पाचोळ्यासारखी उडाली. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याजवळून गेलं. तेव्हापासून कितीतरी घरांवर निळे-लाल पत्रे चढले. ज्याचं छप्पर रात्रीत गेलं त्याला दोष कसा देणार? पण पत्राही त्याच वाऱ्यात उडतो, आणि उडाला की अख्खा उडतो, सुरीसारखा. वारा छप्पर वर उचलतो, वळचणीकडून आणि आढ्याकडून. तेव्हा तिथेच बंदोबस्त करा. वळचणीच्या पहिल्या दोन ओळी, आढ्यावरची कौलं आणि दोन्ही कडांची कौलं तारेने रिपांना बांधा. प्रत्येक वासा भिंतीवरच्या तुळईला पट्टीने जखडा. तार आणि पट्टी तांब्याची किंवा चांगल्या प्रतीच्या स्टेनलेस स्टीलची हवी. साधी लोखंडी तार खाऱ्या हवेत दोन-तीन पावसाळ्यांत तुटते, शिवाय लोखंडाच्या गंजाने भोवतालचं लाकूड काळं पडून खुसखुशीत होतं.

खांबाचा पाय बदलणं

सगळ्यात जास्त भीती याच कामाची वाटते, आणि पाहायला सगळ्यात सुंदर कामही हेच. हे अनुभवी सुताराशिवाय करू नका. पण तो काय करतोय ते तुम्हाला कळायला हवं.

खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली टेकू द्यायचे. टेकूच्या बुडाशी जाड फळी, म्हणजे भार पसरतो. मग जॅकने हळूहळू उचलायचं. किती? आमचे सुतारकाका तळखडा आणि खांब यांच्यात पोस्टकार्ड धरून बसायचे. पोस्टकार्ड सरकलं की जॅक बंद. एक सूतभर उचललं तरी पुरतं. जास्त उचललं तर वरची कौलं सरकतात, भिंतीला तडा जातो. उचलताना घर बोलतं, करकरतं. तेव्हा थांबायचं, आवाज शांत होऊ द्यायचा, मग पुढे.

नंतर कुजलेला भाग धड लाकूड लागेपर्यंत कापायचा, आणि त्याच्याही वर चार बोटं. सरळ आडवा काप घेऊन खाली ठोकळा ठेवणं चुकीचं आहे, कारण असा ठोकळा बाजूच्या धक्क्याला निसटतो. जुन्या आणि नव्या तुकड्याला पायरीसारखा उभा छेद द्यायचा, दोन्ही एकमेकांवर बसवायचे, आणि आरपार दोन-तीन लाकडी खुंट्या ठोकायच्या. जोडाची लांबी खांबाच्या जाडीच्या निदान तिप्पट हवी. नवा तुकडा त्याच जातीच्या, पूर्ण वाळलेल्या लाकडाचा, आणि लाकडाच्या रेषा उभ्या. ओलं लाकूड वापरलं तर वर्षात आकसतं आणि जोड उघडतो.

खांब परत बसवण्याआधी तळखड्यावर शिशाचा पातळ पत्रा टाका, म्हणजे दगडातली ओल लाकडाच्या उघड्या रंध्रांत चढत नाही. खांबाच्या पायाभोवती सिमेंट काँक्रीट मात्र कधीही ओतू नका. दिसायला पक्कं दिसतं, पण खांबाला ते पाण्याच्या वाटीत उभं केल्यासारखं होतं.

तुळईचं भिंतीतलं टोक गेलं असेल तर रीत तीच. कुजलेलं टोक कापून नवं जोडायचं. भिंतीत बसवताना टोकाच्या तिन्ही बाजूंना बोटभर मोकळी जागा सोडायची, म्हणजे हवा फिरते.

लाकूड आणायचं कुठून, हा प्रश्न येतोच. स्वतःच्या वाडीतला फणस किंवा आंबा तोडायचा विचार असेल तर आधी परवानगी घ्या. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही सगळी राज्याच्या १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. लाकूड गाडीतून नेण्याचा परवानाही वनविभागाकडे विचारून घ्या. तोड दिवाळीनंतर, थंडीत करावी, झाडात रस कमी असतो तेव्हा. जुन्या घरांचं मोडीचं लाकूड वखारीत मिळतं. ते वाळलेलं असतं, कामाला फार चांगलं. पण त्यातले खिळे आणि भुंगा तपासून घ्या, नाहीतर शेजारच्या गावातली कीड आपण पैसे देऊन घरात आणतो.

भिंत आणि जमीन: इथे चांगल्या हेतूने वाट लागते

आमच्या माजघराची जमीन शेणाने सारवलेली होती. आईचे गुडघे दुखायला लागले, सारवायला माणूस मिळेना, म्हणून आम्ही ती उकरून चकचकीत लाद्या बसवल्या. ठेकेदाराने खाली काँक्रीट केलं, खांबांच्या पायांपर्यंत सिमेंट आणून गुळगुळीत कडा काढून दिल्या. सगळ्यांना आवडलं. सहा पावसाळ्यांनी मधल्या खांबाला केरसुणी लागली आणि पायाचा ढलपा निघून आला. आत नुसता भुगा.

घडलं ते असं. जोत्याखालची ओल पूर्वी सबंध जमिनीतून हवेत निघून जायची. लाद्यांनी ती वाट बंद झाली. मग ओल उरलेल्या दोनच वाटांनी वर यायला लागली, भिंती आणि खांबांचे पाय. ज्यांना शेणाची जमीन झेपत नाही त्यांनी चुन्याच्या कोब्यावर शहाबादी फरशी किंवा मातीच्या भाजलेल्या लाद्या बसवाव्यात, सांधे चुन्याने भरावेत, आणि प्रत्येक खांबाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवून तिथे बारीक खडी भरावी. आम्ही शेवटी हेच केलं. लाद्या पुसायला आईला त्रास नाही, आणि खांबाचा नवा पाय आज कोरडा आहे.

भिंतीचंही तसंच. जांभा सच्छिद्र दगड, तो पाणी पितो आणि सोडतो. त्याला सिमेंटचा गिलावा केला की पितो पण सोडत नाही, आणि ते पाणी भिंतीत घुसलेल्या तुळयांच्या टोकांना मिळतं. गिलावा करायचाच तर चुन्याचा करा. जुना सिमेंटचा गिलावा सगळा काढणं झेपत नसेल तर निदान तुळया-वाशांच्या टोकांभोवतीचा हातभर भाग उकलून तिथे चुना भरा. रंग देताना भिंतीला चुनाच बरा, प्लास्टिक इमल्शन नको.

कीड आणि तेल

पूर्वी चुलीचा धूर माळ्यावर फिरायचा. वासे काळे व्हायचे, पण कोरडे राहायचे आणि किडा फिरकायचा नाही. गॅस आला, त्यानंतर स्वयंपाकघराच्या वरच्या वाशांना भुंगा लागला असं अनेक घरांत दिसतं. चूल परत आणा असं म्हणणं नाही. पण धुराचं काम आता आपल्याला हाताने करावं लागेल, हे समजून घ्या.

आतल्या लाकडासाठी टाकणखार (बोरॅक्स) आणि बोरिक ॲसिड यांचं पाणी चांगलं आणि स्वस्त. दहा लिटर गरम पाण्यात साधारण ४५० ग्रॅम टाकणखार आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवा. लाकूड ब्रशने स्वच्छ करून, कोरडं असताना, हे पाणी दोन-तीन हात द्या. टोकांना आणि खाचांना जास्त. हातमोजे घाला, मुलांना दूर ठेवा. पावसात भिजणाऱ्या लाकडाला याचा उपयोग नाही, धुऊन जातं.

पूर्ण वाळल्यावर तेल. अळशीचं तेल पातळ करून फडक्याने चोळा, जिरू द्या, उरलेलं पुसून घ्या, आणि आठवड्याने पुन्हा. एक धोका लक्षात ठेवा. अळशीच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकली तर आपोआप तापून पेट घेऊ शकतात. काम झालं की ती पाण्यात बुडवा, किंवा अंगणात दगडाखाली पसरून वाळू द्या. कोकणात वाशांना आणि होड्यांनाही काजूच्या टरफलाचं तेल लावतात. मागच्या बाजूच्या वाशांना ते उत्तम, पण अंगाला लागलं तर फोड येतात, तेव्हा पूर्ण बाह्या आणि हातमोजे हवेतच.

वाळवीसाठी आधी तिची वाट तोडा. भिंतीला टेकलेली लाकडं, गोणपाट, पुठ्ठे हलवा, मातीच्या नळ्या खरवडा आणि महिनाभर लक्ष ठेवा. जमिनीत औषध सोडायची वेळ आलीच तर विहीर कुठे आहे ते आधी बघा. जांभ्यातून औषध झिरपत विहिरीला लागायला वेळ लागत नाही.

रस्त्याकडची बाजू

सोयी हव्यात हे मान्य. संडास-न्हाणी आत हवी, मुलांना वेगळी खोली हवी. हे सगळं मागच्या दारी करा. रस्त्याकडून तीन गोष्टींना हात लावू नका: ओटीची उंची, वळचणीची रेघ, पडवीचे गज. गजांवर जुन्या ऑइलपेंटचे थर असतील तर दिवा लावून जाळू नका. जुन्या रंगात शिसं असू शकतं. ओलं करून पत्र्याने खरवडा, तोंडाला मास्क बांधा. गजांच्या आत झड येते म्हणून काचेच्या सरकत्या खिडक्या बसवण्याची पद्धत पडली आहे. त्याऐवजी पावसापुरते झाप किंवा बांबूचे पडदे बाहेरून लावा आणि नवरात्राच्या आधी काढून टाका. लाकूड आठ महिने मोकळं राहतं.

झोपाळ्याच्या कड्या ज्या तुळईत आहेत ती एकदा नीट तपासा. भोकं घासून मोठी झाली असतील तर कड्या हातभर सरकवा आणि जुनी भोकं लाकडी खुंटीने बुजवा. दारामागचा अडसर, कडी-कोयंडा, उंबरठ्याचा झिजलेला खळगा, हे बदलायची गरज नसते. खळगा तर पिढ्यांच्या पायांनी केलेला आहे, त्यात तेल मुरवा आणि राहू द्या.

खर्चाची सोय म्हणून घराचा काही भाग पाहुण्यांना देता येतो. राज्य शासनाची निवास व न्याहारी योजना आहे, तिच्यात नोंदणी करून किनाऱ्यावरची अनेक कुटुंबं हे करतात. माझं मत असं की पाहुण्यांसाठी सिमेंटच्या खोल्या मागे बांधून मूळ घर गोदाम करण्यापेक्षा माजघराशेजारच्या दोन खोल्याच नीट कराव्यात. माणूस गुहागरला येऊन माळ्याखाली निजायला पैसे देतो.

आळीतले चार घरवाले एकत्र आले तर कौलं, चुना, सुतार, सगळं एकदम आणता येतं. सुताराला चौरस फुटावर ठेका देऊ नका, रोजावर ठेवा. ठेक्यात धड लाकूडही बदललं जातं, कारण नवं बसवायला वेळ कमी लागतो आणि जुनं वाचवायला जास्त.

वर्षाचा फेरा

एकदा दुरुस्ती झाली की फार काही उरत नाही. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, कामं मे महिन्यात: फुटकी कौलं बदलणं, छपरावर आलेल्या फांद्या तोडणं, पन्हळी आणि गटारं साफ करणं, तारा ओढून बघणं. मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की माळ्यावर एक फेरी. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी सगळी दारं-खिडक्या सताड उघडायची. दिवाळीनंतर मोगरी आणि टोचा. संक्रांतीच्या सुमारास तेल.

घर बंद राहत असेल तर शेजाऱ्याकडे किल्ली द्या आणि महिन्यातून दोनदा दिवसभर घर उघडण्याचे पैसे ठरवून द्या. फुकट सांगितलेलं काम दोन महिने होतं. आत गाद्या, गोण्या, जुनी कपाटं भिंतीला चिकटवून ठेवू नका. माळ्यावरची अडगळ निम्मी करा, हवा फिरते आणि ठिबकही दिसते.

आणि एक वही करा. कोणत्या खांबाचा पाय कधी बदलला, लाकूड कोणतं, कुठून आणलं, जोड किती लांबीचा, कोणत्या पाख्यावर कोणत्या नावाची कौलं, सुतार कोण होता, चुन्यात काय किती मिसळलं. नकाशा तिच्यातच डकवा. वही माजघरातल्या फडताळात ठेवा, मुंबईला नेऊ नका. पुढच्या वेळी टेकू लावायला जो येईल त्याच्या हाताला ती तिथेच लागायला हवी.